ओढ्यानं नेलेलं बाक

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेतलं सुतारकाम संपवून निवृत्त झाले आणि थेट माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. आमटीत गूळच जास्त, भांडी एवढी आपटतेस कशाला, मांजर आत आलीच कशी! दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू? पण माझं डोकं उठायचं.

लोणावळ्यात आमच्या घरामागून ओढा जायचा. त्याच्या काठानं बंगलेवाल्यांनी, हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी, फिरायची वाट करून घेतली होती. वर करंजाची सावली, कडेला निर्गुडी, मोठी छान वाट. पण मामंजींचे गुडघे निम्म्यातच कुरकुरायला लागायचे. मग त्यांनी स्वतःच एक सागवानी बाक केलं आणि बरोबर निम्म्या वाटेवर करंजाखाली नेऊन ठेवलं. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की जे जायचे ते दिवेलागणीला परत. पाऊस असला तर छत्री उघडून बसायचे. लग्न झाल्यापासून मला एवढी शांतता कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका आषाढात ओढा असा काही फुगला की वाट कुठली आणि ओढा कुठला ते कळेना. तीन दिवसांनी पाणी उतरलं. वाटेवर हा एवढा चिखल, आणि बाक गायब. मामंजी बघून आले आणि उंबऱ्यावर बसले. आमटीलासुद्धा नावं ठेवली नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

"मामंजी, नवं करा की," मी म्हटलं.

"आता हात थरथरतात, सूनबाई."

आठवड्यानं दूधवाला म्हणाला, "बाई, तुमचं बाकडं आमच्या वाडीला लागलंय. वडा नदीला मिळतो न्हवं, तितं." मी लगेच टांगा बोलावला आणि मामंजींना वर बसवलं. बाक टांग्याला बांधून आणायचंच, असं ठरवून टाकलं.

वाडीत एका घराच्या पडवीत आमचं बाक होतं, आणि त्यावर एक म्हातारे आबा पाय पसरून बसले होते. मी पदर खोचला. तेवढ्यात त्यांची सून पुढं आली.

"पुरात आलेलं ज्याच्या काठाला लागंल त्याचं, आमच्यात असंच हाय. तरी तुमी म्हनाल तर न्या. पन ताई, आमचा आबा दोन वरसं भाईर आला न्हवता बगा. चुलीपाशी बसून लय डोकं खायचा!"

भांडायला गेलेली मी, पण मला हसूच फुटलं. तीही पदरात तोंड लपवून हसायला लागली.

मामंजींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी बाक हलवून पाहिलं. एक पाय ढिला झाला होता. "हातोडी आहे का हो?" त्यांनी पाचर ठोकून पाय पक्का केला. हात थरथरत नव्हते, मी नीट बघत होते! मग ते आबांशेजारी बसले आणि दोघांनी तासभर गुडघ्यांच्या गप्पा मारल्या. निघताना बाकाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

टांग्यात म्हणाले, "माळ्यावरची माझी हत्यारांची पेटी उद्या काढून ठेव."

पुढं पंधरा दिवस माझ्या घरात भुसाच भुसा. भातात भुसा, अंथरुणात भुसा! गणपतीच्या आधी नवं बाक करंजाखाली गेलं. मी झाडाला बांधायला साखळी घेऊन गेले.

"साखळी कशाला?"

"अहो, पुन्हा वाहून जाईल!"

"जाऊ दे की. खाली वाड्या काय थोड्या आहेत?"

मी साखळी घरी आणली आणि विहिरीच्या बादलीला लावली.

पुढच्या आषाढात ओढा पुन्हा वाटेवर आला. पाणी उतरताच मामंजी काठी टेकत लगबगीनं बघायला गेले. बाक जागच्या जागी, चिखलात घट्ट रुतलेलं. बिचारे दोन दिवस हिरमुसून उंबऱ्यावर बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आमटीत गूळ फार झालाय. माझा जीव भांड्यात पडला.