शेवटाआधी थांबवलेले पिक्चर

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा दत्ताराम घाडी यांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी, सौदीतल्या जुबैलच्या साइटवर दुपारच्या सुट्टीत, त्यांच्या मुलीचा मेसेज आला : ‘बाबा सकाळी गेले.’ मी तो दोनदा वाचला आणि कामगारांच्या बसमध्ये जाऊन बसलो.

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमाग कामगार. घरात पदवी घेणारा मी पहिला. संप या शब्दाची माझी ओळख एवढीच, की त्या दिवसांत बाबा घरी असायचे आणि आई फारशी बोलायची नाही. सेफ्टी ऑफिसर म्हणून जुबैलला आलो तेव्हा इंजिनिअरिंगची पदवी हातात होती, पण उन्हातला माणूस कोसळण्याआधी कसा दिसतो हे ठाऊक नव्हतं. ते घाडीकाकांनी शिकवलं. मालवणकडचे पाइप फिटर, आता फोरमन, इथल्या कामगार कॅम्पात बावीस वर्षं. “इंजिनेर, हेल्मेटाखाली सगळे सारकेच दिसतत. चाल बघ. पाय ओढूक लागलो, की त्याका सावलीत घे.”

शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की काकांच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर लागायची आणि जुन्या प्रोजेक्टरवर पिक्चर सुरू व्हायचा. गोऱ्यांचे पिक्चर, पण नेहमी कामगारांचे. गोदी, गिरणी, कोळशाची खाण, फाटकाबाहेर बर्फात उभे असलेले संपकरी. असलेच का, असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “हयसर आपल्याक संप करूक गावना नाय. बघूक तरी काय हरकत?” त्यांचं इंग्रजी साइटपुरतं, तरी सगळे संवाद ते हिंदीत सांगत. त्यांच्या पिक्चरमध्ये इंग्लंडातला खाणमालकही “यल्ला यल्ला, काम करो” म्हणायचा. एकदा मी नीट भाषांतर करू लागलो, तर बिहारचा रामसेवक ओरडला, “साहब, आपवाला पिक्चर बंद करो, चाचावाला लगाओ!”

आणि प्रत्येक पिक्चर काका शेवटची दहा मिनिटं राहिली की बंद करत. “शेवट बघल्यार उद्या कामाक कोण जातलो?” मग आठवडाभर बसमध्ये वाद... संप फुटला की जिंकला?

त्या खाणीच्या पिक्चरमध्ये फाटकावर एक कारकून होता. कोण किती वाजता आत गेला, हे लिहिणारा. खाणीत अपघात होतो आणि मालक त्याला वही बदलायला सांगतो. काकांनी तिथे चित्र थांबवलं. “मालकाक सोडा. ह्या माणसाक बघा. सगळा ह्याच्या हातात आसा.” पिक्चर त्या दिवशी तिथेच संपला.

जुलैत प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम निघालं. उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम करायचं नाही असा इथला नियम आहे, आणि ती सुट्टी दिली असं रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहायचं काम माझं. साइट इनचार्ज म्हणाले, “काम मागे पडलंय. आजच्या दिवस लिहून टाक.” मी लिहिलं. मग रोजच लिहीत गेलो, नऊ दिवस. माणसं भर उन्हात पाइपांवर होती आणि माझ्या रजिस्टरात सावलीत. दहाव्या दिवशी रामसेवक कोसळला. तो वाचला, पण मला त्याची चाल सकाळीच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला काकांची सगळी गँग बसमध्ये जाऊन बसली. घोषणा नाहीत, काही नाही. तीन वाजता सगळे उतरून कामाला लागले. “कोणी सांगितलं?” इनचार्जनी विचारलं. “मी,” काका म्हणाले. चौकशीत काकांनी सुट्टी मिळत नसल्याचं सांगितलं. रजिस्टरप्रमाणे सुट्टी रोज दिलेली होती, म्हणून काका खोटे ठरले. आठवड्यात त्यांचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रद्द; नोकरी खलास. ते रजिस्टर काखेत धरून मी त्याच खोलीत उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही, आणि काकांनीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

निघताना प्रोजेक्टर माझ्या हातात देत म्हणाले, “रडतंस कित्याक? मी घराकच जातंय मां.”

काकांना पत्र लिहायला मला चार महिने लागले. फोनवर हे सांगणं जमलं नसतं. परवा त्यांच्या मुलीशी, सुजाताशी बोललो. ती म्हणाली, पत्र पोचलं तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. ती वाचून दाखवत होती, शेवटचा परिच्छेद राहिला तेव्हा त्यांनी हात वर केला. “ऱ्हवांदे आता. शेवट नको.” आणि हसले म्हणे. पुढे तो वाचायचा राहूनच गेला.

प्रोजेक्टर माझ्या कपाटावर आहे. तो राहिलेला परिच्छेद असा :

‘काका, त्या नऊ सह्या खोट्या होत्या हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. आज सकाळी मी हेड ऑफिसला सगळं लिहून दिलं, तारखांसकट, माझ्या नावानं. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. माझ्या बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ये घरी, जागा आहे. खाणीचा तो पिक्चर मी पुढे लावलेला नाही. तो कारकून काय करतो, मला अजून ठाऊक नाही. मी काय केलं ते मात्र तुम्हाला आधी कळावं, म्हणून हे पत्र.’