हाकणे आणि चालवणे

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, सगळी हयात बैलगाडीवर गेली. त्यामुळे लिलावातली जुनी जीप दारात आली तरी त्यांच्या लेखी तीही हाकायचीच वस्तू. ताडकळसच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी गाडी हाकायलीय." मी भूगोलाची मास्तरीण, नुकतं लायसन मिळालेलं. माझा नुसता तिळपापड व्हायचा. "दादा, हाकायला बैल हाईत का? चालवायलीय म्हणा!"

पंच्याहत्तर-शहात्तरची दिवाळी असावी. सुटीत अजिंठ्याला जायची टूम मीच काढली. आईला लेण्यातला बुद्ध डोळे भरून पाहायचा होता आणि मला फळ्यावर खडूनं काढून काढून पाठ झालेले लाव्हाचे थर. दादांनी एकच अट घातली. "घाटात एकदा जरी भ्यालीस, तर चावी माझ्याकडं. जीप तिथंच इकायची आन् यष्टीनं माघारी."

जिंतूर गेलं, जालना गेलं, सिल्लोड गेलं. माझ्या अंगात वारं भरलं होतं. घाटाच्या तोंडाशी काळ्या पाषाणाचे डोंगर उघडले, पायरीवर पायरी, थरावर थर, अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखे! मी एक हात सोडून ओरडले, "आई, बघ बघ, हे समदं एके काळी पातळ होतं! रटरटत्या पिठल्यावानी!"

"तू आदी समोर बघ," मागून आई म्हणाली.

वळणावर ट्रक आला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि बैलांना थांबवावं तशी जिवाच्या आकांतानं ओरडले, "हो! हो रं! होऽऽ!"

जीप कशाला ऐकतेय! कसाबसा पाय ब्रेकवर पडला आणि ती कठड्याला टेकून थांबली. दादांनी उडी मारून चाकाखाली काळा दगड सरकवला, उतारावर बैलगाडीला लावतात तसा. आई मागं हसून हसून आडवी झाली. मलाही हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं, कारण भ्याले तर मी होतेच. चावी काढून दादांच्या हातात ठेवली.

ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "चाचा, गाडी कौन चला रहा?"

दादांनी चावी माझ्या मांडीवर टाकली. "आमची पोरगी चालवायलीय."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी बरोबर शब्द वापरला, आणि नेमका त्याच दिवशी तो चुकीचा होता.