खात्रीकाकांच्या नावाने

खात्रीकाका जाऊन सात महिने झाले होते, आणि एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसातल्या पाचही जणांना त्यांचा मेल आला. आत एकच ओळ होती: ‘चाचणी नापास.’ चित्रं-बटणं आखणाऱ्या मुलीने कप जो आदळला तो सगळा चहा कीबोर्डवर. साहेब केबिनमधून बाहेर आले, ते पांढरेफटक पडलेले.

‘ताई, हा काय प्रकार आहे?’ त्यांनी कोड लिहिणाऱ्या ताईला विचारलं.

प्रकार साधाच होता. ताईने आदल्या दुपारी काकांच्याच मशीनवर एक छोटासा सर्व्हर बसवला होता. मशीन म्हातारं, मेमरी जेमतेम, म्हणून तिने मोठा लवाजमा टाळून एक हलका प्रोग्राम निवडला होता. कोणी नवा कोड जमा केला की त्याने तो आपणहून उचलायचा, त्याचं सॉफ्टवेअर तयार करायचं, सगळ्या चाचण्या चालवायच्या आणि निकाल मेलने कळवायचा. फक्त मशीनवरचं काकांचं मेलचं खातं बदलायचं राहून गेलं होतं.

‘बदलते लगेच,’ ती म्हणाली. बदललं मात्र नाही. का, ते तिला विचारलं असतं तर तिने कामाचं निमित्त सांगितलं असतं.

खात्रीकाका हे नाव तिनेच ठेवलेलं. अठरा वर्षं ती कोड लिहीत होती आणि त्यातली अकरा हा माणूस शेजारच्या खुर्चीत बसून ‘खात्री केलीस का?’ म्हणून तिचं डोकं खात होता. त्यांचं ऑफिस तीन खोल्यांचं आणि गिऱ्हाईक एकच, लहान मुलांचं इस्पितळ. बाळाचं वजन टाकलं की औषधाचा डोस सांगणारं सॉफ्टवेअर. नवी आवृत्ती इस्पितळात जाण्याआधी काका दोन दिवस ठाण मांडून सगळे आकडे हाताने तपासायचे. ते गेले तसे साहेब म्हणाले, ‘त्यांच्यासारखा माणूस मिळायचा नाही. यंत्र तरी बसव.’

यंत्र बसलं ते सात महिन्यांनी, आणि बसल्यापासून ताईच्या मनाची शांती गेली. कोणी कोड जमा केला की शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या मशीनचा पंखा घुरघुरायला लागे. मग पडद्यावर काकांचं नाव उमटे. बहुतेक वेळा ‘पास’. दहातून एखाददोन वेळा ‘नापास’, आणि नापास होणारी चाचणी दर वेळी तीच. ताईला भीती वाटत होती. भुताची नव्हे, ती चाचणी कोणाची होती हे तिला पक्कं माहीत होतं, त्याची.

चाचणी काकांनी लिहिली होती, शेवटच्या आठवड्यात. ‘डोस कधीकधी चुकतोय गं. बघ जरा.’ आवृत्ती दुसऱ्या दिवशी जायची होती. ताईने स्वतःच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर ती वीस वेळा चालवली, वीसही वेळा पास. मग सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, ‘माझ्याकडे चालतंय, काका. तुमच्या मशीनलाच चष्मा लागलाय.’ सगळे खोखो हसले. काकाही कसनुसं हसले. तिने त्या चाचणीवर ‘वगळावी’ अशी खूण केली, पुढे कारण लिहिलं ‘काकांच्या मशीनचा दोष’, आणि आवृत्ती पाठवून दिली. चौथ्या दिवशी काका झोपेतच गेले. सर्व्हर बसवताना तिने वगळलेल्या सगळ्या चाचण्या परत चालू केल्या, तेव्हा ती कारणाची ओळ पुन्हा तिच्यासमोर आली.

‘नवीन मशीन घे ना,’ साहेब म्हणाले. ‘तिथे होईल पास.’

‘होईल,’ ताई म्हणाली. ‘म्हणूनच नको.’

शुक्रवारी ती काकांच्या खुर्चीत जाऊन बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. नेटाने कोडची एकेक ओळ वाचत गेली आणि दुपारी तीनला तिला दोष सापडला. दोन वजनं एकाच वेळी टाकली आणि मशीन मंद असलं, तर पहिल्या बाळाचा डोस दुसऱ्या बाळाच्या वजनावर निघत होता. तिच्या लॅपटॉपचा वेग इतका, की दोन हिशोब कधी एकमेकांच्या आड यायचेच नाहीत. इस्पितळातली मशीनं मात्र काकांच्या मशीनपेक्षाही जुनी होती. ती चुकीची ओळ लिहिलेली होती तिने स्वतः.

सात महिने. किती बाळं? तिने इस्पितळाला फोन लावला. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना तिने एका दमात सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि डोळे मिटून थांबली.

‘ते होय,’ सिस्टर म्हणाल्या. ‘अहो, तुमच्या काकांनी तेव्हाच फोन केला होता की. म्हणाले, दर डोस दोनदा काढा, आकडा वेगळा आला तर हाताने करा. भिंतीवर कागद लावलाय आम्ही. वैताग येतो, पण एकही चुकलेला नाही.’

ताईचा जीव भांड्यात पडला. ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडली, आणि सिस्टर बिचाऱ्या पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिल्या.

‘अजून काही बोलले होते का ते?’ तिने शेवटी विचारलं.

‘हो. म्हणाले, आठवडाभर कळ काढा. आमची ताई बघतेय, ती सोडणार नाही. बरे आहेत ना ते? परत फोन नाही आला.’

‘काका गेले, सिस्टर,’ ताई म्हणाली. ‘आणि मी आजच बघितलं.’