सूचकाची सही

गुरुजी गेले त्याच्या तेराव्या दिवशी शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. फ्लेक्स माझ्याच दुकानातला. फोटोखाली शिक्षक आणि संपादक एवढंच छापलं होतं. बोलणाऱ्यांतला एकजण, मनानं चांगला माणूस, म्हणाला, "त्येवढं एक सहीचं प्रकरण सोडलं, तर गुरुजींच्या अंगाला डाग न्हाय." लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत गुरुजींची मुलगी खाली बघत बसली होती. मान मीही हलवली.

ते प्रकरण माझं आहे. बारा-तेरा वर्षं झाली, मी ते कुणाला सांगितलं नाही.

दुसरीत असताना गुरुजींनी माझा हात हातात धरून मला नाव लिहायला शिकवलं. पुढं मी येडशीच्या रस्त्याला टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी चार पानांचं साप्ताहिक काढलं. मजकूर ते हातानं लिहून आणायचे, मी टाइप करून पानात जुळवायचो. मग मी मोठ्यानं वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. कुठं चुकलं की टेबलावर बोट वाजवायचे. तिसऱ्या पानावर एक चौकट ठरलेली होती, 'मागच्या अंकातली आमची चूक'. एखाद्या अंकात चूक सापडली नाही तर ते अस्वस्थ व्हायचे.

रद्दीत त्यांना एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या नॉर्वेतल्या एका शिक्षकाचं चरित्र. त्यानं खेड्यातल्या पोरांना शिकवलं, वर्तमानपत्र चालवलं, आणि शेवटी निवडणूक लढवून तिकडच्या संसदेत गेला. त्याचं नाव गुरुजींनाही नीट उच्चारता येत नव्हतं. पण त्याच्यावर त्यांनी लेखमाला सुरू केली आणि लोक ती वाचायलाही लागले. चहाच्या टपरीवर गुरुजी दिसले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय नॉर्वेकर, यंदा आपल्याकडं बर्फ पडतंय का?"

"पडंल की," गुरुजी म्हणायचे. "पर शाळंचं पत्रं गळत्यात, त्येवढं आधी बघू."

लेखमालेतला शिक्षक निवडणुकीला उभा राहिला त्याच सुमाराला आमच्याकडं पंचायत समितीची निवडणूक लागली. गुरुजींनी अर्ज आणला. अर्जावर सूचक लागतो, म्हणजे त्याच गणातला, त्याच मतदारसंघातला, एक मतदार, जो सही करून सांगतो की हा माणूस उभा राहावा असं मला वाटतं. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी दुकानाच्या काउंटरवर, त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. ते म्हणाले, "घोटीव अक्षर हाय रं तुझं."

समोरचा उमेदवार एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा भाऊ. माझी बायको त्याच संस्थेच्या शाळेत शिक्षणसेविका होती, कायम व्हायची बाकी होती. छाननीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा माणूस दुकानात आला. कोऱ्या पत्रिकांचे नमुने चाळत बसला.

"वहिनींच्या मान्यतेचा कागद साहेबांच्या टेबलावर हाय म्हणं."

"हाय."

"मग तिथंच ऱ्हाऊ द्यायचा, का पुढं सरकवायचा?" एक लाल पत्रिका उचलून तो म्हणाला, "ही लई झ्याक हाय बघा. उद्या तहसीलला या. इचारलं की येवढंच म्हणा, सही माझी न्हाय. बाकी आमी बघतो."

मी गेलो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज माझ्यापुढं धरला आणि विचारलं. मी म्हणालो, "सही माझी नाही."

गुरुजी एक शब्द बोलले असते तर मी उघडा पडलो असतो. माझी दुसरी सही घ्या, ताडून बघा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी अर्ज हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नसंल त्याची. तपासून घ्यायला पाहिजे होती. चूक माझी हाय."

अर्ज बाद झाला. मास्तरनं खोटी सही केली, हे संध्याकाळच्या आत सगळ्या गणात पसरलं.

दोन दिवसांनी ते नेहमीसारखे मजकूर घेऊन दुकानात आले. चुकीच्या चौकटीसाठी लिहिलं होतं: 'सूचकाची सही न तपासता अर्ज भरला. वाचकांची क्षमा मागतो.' मी ते जुळवलं. मोठ्यानं वाचलं. त्यांनी बोट वाजवलं नाही.

नॉर्वेची लेखमाला तिथंच थांबली. टपरीवर एकानं विचारलं, "गुरुजी, आला का निवडून तुमचा नॉर्वेवाला? त्यानं खरी सही घेतली असंल!" सगळे हसले. गुरुजीही हसले. माझा चहा हातात तसाच राहिला. पुढं बायको कायम झाली तेव्हा अभिनंदनाच्या दोन ओळी त्यांनीच लिहून आणल्या. त्याही मीच जुळवल्या.

शोकसभेनंतर मी त्यांच्या घरी गेलो आणि मुलीला सगळं सांगितलं. ती तुळजापूरला दिलेली, दोन दिवसांत परत जाणार होती. ती म्हणाली, "दादा, मी इचारलं व्हतं त्यांना. बाबा, केली व्हती का हो सही? ते गप बसले. मी समजले, केली असंल. सासरी कुणी बोललं की मी मान खाली घालायची. शेवटी शेवटी तर मी त्यांच्याशी धड बोलत बी नव्हते."

मी रडायला लागलो. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "ज्यांनी माना हलवल्या, त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. तिलाही आजच कळलं. ती भाजी निवडत होती. वाचून होईपर्यंत हात चालू होते, मग थांबले.

"माझ्या नोकरीसाठी केलं, असं लिवलंय तुमी."

"खरंच आहे ते."

"मला इचारलं व्हतं का?"

मी कागदाची घडी घातली.

"इचारलं असतं, तर म्या न्हाय म्हणलं असतं. गुरुजींनी मला बी शिकवलंय." ताट उचलून ती आत गेली.

तिला विचारलं नव्हतं, कारण ती काय म्हणेल हे मला माहीत होतं.