पडत नाहीये, वाकलेय

लहानपणी बाईसाहेब दिवसातून वीसवीस वेळा कोसळायच्या. फेफऱ्याचा झटका क्षणाचाच, पण उभ्याच्या उभ्या आडव्या. म्हणून आई कायम अर्धं पाऊल मागे, हात पुढे करून. लोकांचे कपडे शिवायची ती; पण खरी नोकरी ही, आणि तिला सुट्टी नव्हती. घरात पोरीला ‘बाईसाहेब’ म्हणत, कारण डोक्याला हेल्मेट असलं तरी हुकूम सोडणं थांबायचं नाही.

आता बाईसाहेब बत्तीस वर्षांच्या. आजार गेला नाही, त्यानं तऱ्हा बदलली. दिवसा पडणं आता वर्षात दोनचारदाच. झटके आता बहुतेक झोपेत येतात. चाल मात्र संथ झाली, गुडघ्यांत वाकलेली, आणि एकेक शब्द शोधून आणावा लागतो. मुलांचे डॉक्टर आईशी बोलायचे. मोठ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी थेट बाईसाहेबांना विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

“नोकरी.”

आई उडालीच.

गल्लीच्या टोकाला पुस्तकं बांधणारा एक बाइंडर होता. छापील कागदांना पट्टीनं दाबून घड्या घालायच्या, आकड्यांप्रमाणे लावायच्या. महिनाभर काम बघून मग ठरवू, म्हणाला. आई रोज शेजारी स्टुलावर. शेवटच्या दिवशी त्यानं तिला दाराशी बसवलं. “ताई, मला हिचं काम बघायचंय, तुमचं नाही.”

दुपारी बाईसाहेब एकदम खाली गेल्या. आईनं झेप घेऊन कमरेला मिठी मारली आणि दिवसभराची चळत धाडकन जमिनीवर!

“आई,” मिठीतून आवाज आला. “मी पडत नाहीये. पट्टी... पडली. मी वाकलेय.”

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या नोकरीवर आपणच पाणी फिरवलं! ती घाईघाईनं कागद गोळा करू लागली.

“नको. तुला... क्रम... कळत नाही.”

बाईसाहेबांनी फतकल मारली आणि एकेक आकडा बघत सगळी चळत पुन्हा लावली. दीड तास लागला. एक कागद इकडचा तिकडे नाही.

बाइंडरनं सगळं तपासलं. “उद्या नऊला या, बाईसाहेब.” मग आईकडे वळला. “तुम्ही नका येऊ. फार पाडापाडी करता.”

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब डबा घेऊन गल्लीतून एकट्या गेल्या. आई दारात उभी, हात अजून पुढेच. अभिमानानं ऊर भरून आला होता.

“आज तुम्ही नाही गेलात?” शेजारणीनं विचारलं.

“नाही,” आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मला कामावरून काढलंय.”