साफ थुंकी

मुलांनो, भद्रावतीहून चंद्रपूरला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त संशोधक बाई बसल्या होत्या. रक्तावरून क्षयरोग ओळखणारी चाचणी शोधण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. कोणी खोकलं की त्या बोलणं अर्धवट सोडून, मान कलती करून ऐकत.

मागच्या सीटवरचा माणूस फारच खोकत होता. त्यांनी वळून विचारलं, "भाऊ, तपासलं का?"

"तपासलं ना बाई. काईच नाई निघालं."

"थुंकी दिली की बेडका?"

तो लाजला. "साफ थुंकी देल्ली. नर्सबाईले घाण कशी देऊ?"

"घाणच द्या. छातीतून खाकरून काढलेला बेडका द्या, रोग त्यातच सापडतो. आजच जा."

"जाय गा, बाई घाण मांगून राह्यल्या!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला सांगितलं, पोंभुर्ण्याकडच्या एका बाईच्या रक्तात त्यांच्या चाचणीला क्षय दिसला होता. थुंकीत काही निघालं नाही, तेव्हा आपलीच चाचणी चुकली असं धरून त्यांनी तिला औषधाविना घरी पाठवलं. ती वाचली नाही.

"बेडका म्हणायला मला कसंसंच व्हायचं," त्या हळूच म्हणाल्या. "मी थुंकी मागितली, तिनं थुंकीच दिली."

चंद्रपूरला तो माणूस उतरून गर्दीत शिरला. "भाऊ, बेडका!" त्या दारातून मोठ्यांदा ओरडल्या. लोक वळून पाहू लागले. तो वळला नाही.

घरात मी तुम्हांला असले शब्द उच्चारू देत नाही. तो शब्द त्याच्या कानावर पडला असेल ना, असं मात्र अजून मनात येतं.