शनिवारचं टेबल आणि ध्वनिशास्त्राचा खांब

ग्रंथपाल म्हणजे दिवसभर वाचत बसणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी हे काम केलं, आणि मला दिवसभर इतरांच्या वाचनाचा हिशेबच द्यावा लागला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ग्रंथालयात इंटरनेट आलं तेव्हा आमच्याकडे एकच संगणक होता आणि त्याची तार प्राचार्यांच्या फोनला जोडलेली होती. आम्ही परदेशी नियतकालिक उघडलं की प्राचार्यांचा फोन बंद. थोड्याच वेळात शिपाई दारात उभा राहायचा. “साहेब म्हणतात, झालं का तुमचं जगाचं ज्ञान?” त्यामुळे आमच्याकडे एक शिस्त रुजली. लेख एकदाच डाउनलोड करायचा, छापून घ्यायचा, लाइन सोडायची. मग त्या कागदांच्या झेरॉक्स हातोहात फिरायच्या. पुढे स्वतंत्र लाइन आली, संगणक वाढले, तरी ही शिस्त सुटली नाही. लागलेली काटकसर आमच्या भागात सहजासहजी सुटत नाही.

ही शिस्त सगळ्यात कसोशीने पाळायच्या त्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्या मूळच्या सायखेड्याच्या, भावांच्या द्राक्षबागा निफाडच्या बाजूला. वनस्पतींच्या रोगांवरचं एक परदेशी नियतकालिक आम्ही त्यांच्या आग्रहाखातर घेत होतो, तेही फक्त इंटरनेटवर; छापील अंक परवडत नव्हता. द्राक्षावरच्या डावणी आणि भुरी या रोगांबद्दल नवीन काही समजायचं तर आमच्याकडे ते एकच होतं. महिन्याचा अंक आला की मॅडम कामाचा लेख एकदा उघडून छापून घ्यायच्या आणि शनिवारी दुपारी खिडकीजवळच्या लांब टेबलावर मराठीत समजावून सांगायच्या. ऐकायला त्यांचे विद्यार्थी असत, आणि विद्यार्थ्यांचे वडील, काका. ही मंडळी शनिवारी औषधं घ्यायला शहरात यायची आणि पिशव्या दाराशी ठेवून टेबलाशी बसायची. ग्रंथालयाला कीटकनाशकाचा वास यायचा. मी उदबत्ती लावायचो, मग दोन्हींचा यायचा.

“मॅडम, हे विलायतवाले लय उशिरा सांगतात,” एक काका म्हणायचे. “त्यांचा लेख छापून येईस्तोवर आमची बाग डावणीनं खाल्लेली असती.”

“काका, मागच्या ऑक्टोबरात तुम्ही तेच औषध सारखं सारखं मारलंत, ते कोणी सांगितलं होतं?”

“दुकानदारानं.”

“त्याच्याकडे कोणतं मासिक येतं?”

टेबल हसायचं, काकाही हसायचे, आणि पुढच्या शनिवारी शेजाऱ्याला घेऊन यायचे.

मग दोन हजारनंतरच्या वर्षांत आमच्याकडे ‘ई-विभाग’ झाला. उद्घाटनाला फीत कापायची नाही, माउसवर क्लिक करायचं, असं ठरलं. संस्थेच्या एका विश्वस्तांनी शाल सावरत क्लिक केलं. काहीच झालं नाही, वीज गेली होती. टाळ्या मात्र वेळेवर पडल्या. नियतकालिकांचे छापील अंक बंद करून सगळं पडद्यावर घ्यायचं, हाही निर्णय त्याच भाषणात जाहीर झाला.

पडद्यावरच्या नियतकालिकाचा एक गुण असा की ते कोणी किती वेळा उघडलं हे प्रकाशक वर्षअखेरीस कळवतो. कपाटातला अंक असली चहाडी करत नसे. तो अहवाल ग्रंथालय समितीपुढे गेला. समितीचे अध्यक्ष पदार्थविज्ञानाचे सर होते. त्यांनी प्रोजेक्टर लावून रंगीत खांबांचा आलेख दाखवला. सगळ्यात उंच खांब ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकाचा होता.

आमच्या महाविद्यालयात ध्वनिशास्त्र कोणी शिकवत नव्हतं, कोणी शिकतही नव्हतं. पण इंग्रजी वर्णक्रमात ते नाव यादीत पहिलं यायचं. संगणकाच्या प्रात्यक्षिकाला ‘एक लेख डाउनलोड करून दाखवा’ असा प्रश्न होता. मुलं यादी उघडायची, पहिल्या नावावर क्लिक करायची आणि मोकळी व्हायची. हे मी समितीत सांगितलं.

“म्हणजे उत्सुकता आहे,” अध्यक्ष म्हणाले. विषय त्यांच्या शाखेचा होता.

वनस्पतिरोगांचा खांब दिसतच नव्हता. तळाला एक हिरवी रेघ होती. वर्षभरात मॅडमनी छापून घेतलेले मोजके लेख, प्रत्येकी एकदा उघडलेले.

मी म्हणालो, “सर, या एकेका क्लिकमागे टेबलभर माणसं आहेत. इथे क्लिक मोजलेत, वाचणारे मोजलेले नाहीत.”

“मग वाचणारे मोजायचं यंत्र मागवा,” अध्यक्ष म्हणाले, आणि समिती हसली. चहा आला. तळाची नावं पुढच्या बैठकीत कापायची, असं ठरलं. तोवर प्रकाशकाकडून नव्या तिमाहीचे आकडे खास मागवायचे होते.

मी मॅडमना सांगितलं, आता प्रत्येकाला स्वतः उघडून वाचू द्या. पण शेतकरी मंडळी सभासद नव्हती, त्यांना संगणकाचा पासवर्ड देता येत नव्हता. मुलांना झेरॉक्स हातात मिळत असताना रांगेत उभं राहून तोच लेख उघडायचा कशाला, हे कळेना.

“मग तुम्हीच उघडा,” मी म्हणालो. “तोच लेख, पुन्हा पुन्हा.”

“वाचून झालेला?”

“आकड्यासाठी.”

त्या म्हणाल्या, “सर, मी वाचते. औषधाचा पंप मारत नाही.”

काकांना हे समजल्यावर ते म्हणाले, “मॅडम, मारा की. दुकानदार तेच सांगतो, रोग नाय तरी मारून ठेवा.” मॅडम हसल्या. पण उघडला त्यांनी एकदाच.

पुढच्या बैठकीत ते नियतकालिक कापलं गेलं. मी पुन्हा बोललो, आधीपेक्षा लांबलचक. प्राचार्य सौजन्याने म्हणाले, “मॅडमना वाचायला ग्रंथालयात बरंच काही आहे.” खरंच होतं. ध्वनिशास्त्र होतं.

पूर्वी वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटात राहायचे. या वेळी वर्गणी संपली त्या दिवशी मागची वर्षंही गेली. मॅडम एक जुना संदर्भ पाहायला आल्या तेव्हा पडद्यावर फक्त पासवर्ड मागणारी चौकट होती. त्यांनी तो दोनदा घातला. मग खुर्ची नीट आत सरकवून त्या निघून गेल्या.

काही शनिवार त्या जुन्या झेरॉक्सवर बोलल्या. पण मंडळी नवीन ऐकायला यायची. “हे मागं झालं की, मॅडम,” काका अवघडून म्हणाले. ऑक्टोबरची छाटणी आली, बागेत कामं निघाली, आणि छाटणीनंतर कोणी परत आलं नाही. त्या टेबलावर संगणक मांडले गेले. मॅडमनी निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली आणि त्या सायखेड्याला गेल्या. निरोप समारंभात अध्यक्षांनी त्यांच्या वाचनप्रेमाचा गौरव केला.

आणखी काही वर्षांनी आम्ही एक मोठं पॅकेज घेतलं. हजारो नियतकालिकं एकगठ्ठा, निवड करायची गरजच नाही. यादी चाळताना मला ते नाव दिसलं. सगळे जुने अंक परत आले होते. मी मॅडमना फोन केला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “कोणी वाचतंय का?”

मी म्हणालो, “वाचतील.”

फोन ठेवल्यावर मी त्यांनी पूर्वी टेबलावर समजावलेला एक लेख उघडला, पहिलं पान पाहिलं आणि बंद केला. वर्षअखेरीच्या अहवालात त्या नावापुढे तेवढाच एक वापर होता. पॅकेजमधलं काही कापायचं नसल्यामुळे समितीने तो अहवाल पाहिला नाही.